रेनोव्होच्या वरचा कॅम्प गेला

डोंगरमाथा

गेल्या महिन्यात माझ्या सासरचा कॅम्प विकला गेला. उत्तर पेनसिल्व्हेनियात शिकारीच्या घराला सगळे कॅम्पच म्हणतात, मग ते ओंडक्यांचं असो नाहीतर नुसत्या फळ्या ठोकलेलं. आमचं फळ्यांचं होतं. क्लिंटन काउंटीत, रेनोव्हो या जुन्या रेल्वेगावाच्या वर, केटल क्रीकच्या बाजूला. तिन्ही अंगांना स्प्राउल स्टेट फॉरेस्ट, म्हणजे घर आपलं आणि अंगण सरकारचं. घरात सध्या सुतकच आहे. मी स्वतः शिकारी नाही. जावई म्हणून एकदा गेलो आणि मग दरवर्षी जातच राहिलो.

तो बांधला सासऱ्यांच्या वडिलांनी आणि त्यांच्या भावांनी. त्या डोंगरांवर आज दिसते ती झाडी सगळी नंतरची. १९०० च्या आगेमागे तिथलं व्हाइट पाइन आणि हेमलॉकचं जंगल पार साफ झालं होतं. पाइन बांधकामाला गेला, हेमलॉकची साल चामडं कमवायला. मागे उरलेल्या काटक्याकुटक्यांना वणवे लागले. हरणं इतकी संपली की १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून आणून सोडावी लागली, आणि १९०७ मध्ये मादी मारायला बंदी आली. ओसाड झालेली जमीन सरकारने स्वस्तात विकत घेतली, तिचीच पुढे ही स्टेट फॉरेस्टं झाली. मग कोवळं रान फुटलं, त्यावर हरणं वाढली, फोर्डची मोटार सामान्य माणसाच्या हातात आली, आणि खाणीत, गिरणीत, रेल्वेत राबणारी माणसं नोव्हेंबरात डोंगर चढू लागली. हे कॅम्प त्यांचे. शनिवारची सुट्टी आणि जुन्या फळ्या जमवून बांधलेले. शिकारीचा बंगला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो साहेबी थाट इथे औषधालाही नव्हता.

आत एक मोठी खोली. मधोमध बिडाचा लाकडावरचा स्टोव्ह, भिंतींना लागून दुमजली बाकडी, छताला गॅसचे दिवे. वीज नाही. पाणी झऱ्यावरून. संडास बाहेर, आणि सीझनमध्ये तिथे जातानासुद्धा मला नारिंगी टोपी घालायला लावायचे. (कायदा आहे तसा: बंदुकीच्या हरणशिकारीत डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी अंगावर हवं. संडासाचा त्यात उल्लेख नाही, पण सासरे धोका पत्करत नसत.) उंदीर इतके की पीठ, साखर, पत्त्यांचा जोड, सगळं पत्र्याच्या डब्यात.

एका भिंतीवर शर्टांचे तुकडे ठोकलेले होते. हरणावर गोळी झाडून जो चुकला, त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि खिळ्याने भिंतीला लावायचा. पेनसिल्व्हेनियात ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. सासऱ्यांच्या नावाचे तुकडे एकाहून जास्त होते आणि दारावरच्या शिंगांपेक्षा ते या तुकड्यांविषयीच जास्त रंगून बोलत. चुकण्याचं कारण दर वर्षी थोडं बदलायचं. माझ्या बायकोचा एकही तुकडा नव्हता. बाराव्या वर्षी लायसन्स मिळाल्यापासून ती जात होती आणि तिच्या भावांना हे अजूनही सहन होत नाही.

माझी नेमणूक स्वयंपाकावर. पहाटे कॉफी, अंडी, बेकन. दुपारी माणसं परत आली की सूप. दुपारनंतर हाका असायचा: निम्मे लोक उताराच्या टोकाला दबा धरून, निम्मे वरून ओरडत, झुडपं झोडपत खाली. हाक्याला मीही जायचो. त्याला कौशल्य लागत नाही, घसा लागतो.

आणि वह्या. प्रत्येक सीझनची नोंद: थंडी किती, बर्फ किती, कोण आलं, कोणाला काय मिळालं, बेकन कोणी करपवलं. एका वर्षी नुसतं लिहिलंय, "पाऊस. कोणी बाहेर पडलं नाही. छान गेलं."

सगळ्याला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे थँक्सगिव्हिंगनंतरचा (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरचा) सोमवार. १९६३ पासून सीझनचा पहिला दिवस तोच. त्या भागातल्या शाळांनाही त्या दिवशी सुट्टी. गुरुवारचं जेवण झालं की शुक्रवारपासून माणसं जमायची. शनिवारी लाकडं फोडायची, धुराडं साफ करायचं, रविवारी बंदुकांचा नेम तपासायचा, रात्री पत्ते. सोमवारी पहाटे चारला सासरे तवा बडवून उठवायचे. २०१९ पासून गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याने, सुरुवात शनिवारवर आणली. नोकरदारांना आणि कॉलेजच्या मुलांना सोयीचं म्हणून, आणि ते खरंही आहे. पण त्यामुळे आधीचे ते बिनकामाचे दोन दिवस गेले. लोक शुक्रवारी रात्री उशिरा यायचे, शनिवारी रानात बसायचे, रविवारी गाडी परत फिरवायचे. पत्त्यांचा डाव पुन्हा बसला नाही. विक्री आत्ता झाली; माझ्या लेखी कॅम्प सुटायला लागला तो तेव्हापासून.

विक्रीची गोष्ट साधी आहे. जागेच्या कागदावर तिघा भावांची नावं, हिस्से न पाडलेले. सासऱ्यांच्या थोरल्या काकांना मूलबाळ नव्हतं, त्यांचा हिस्सा पुतण्यांत गेला. मग सासरे गेले. असं करत एका हिश्शाचा मालक ॲरिझोनात निघाला, जो लहानपणानंतर तिथे फिरकलेला नाही. त्याला पैसे हवे होते आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण त्याला एकरकमी देण्याइतके पैसे बाकीच्यांकडे नव्हते. वर्षाला किती द्यायचे, किंमत कोणी ठरवायची, काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. कारण सासऱ्यांचा नियमच होता: कॅम्पवर पैशाचा विषय काढायचा नाही. हा नियम सगळ्यांना फार आवडायचा. मलाही. त्या नियमानेच कॅम्प घालवला असं माझं आता ठाम मत आहे.

नवा मालक पाडून नवं बांधणार आहे म्हणे. तुमच्यापैकी कोणाचं असं रानातलं घर होतं का? कसं गेलं?

रानभूल

किती जिवंत लिहिलंय. "पाऊस. कोणी बाहेर पडलं नाही. छान गेलं." या नोंदीवर मी थांबलेच. शर्टाच्या तुकड्यांचं काय झालं? ते नव्या मालकाला दिले की काय?

गप्पिष्ट

जावई स्वयंपाकाला आणि लेक बंदुकीला. हे सासर मला फार आवडलं आहे.

शुभ्रकमळ

लेखन चांगलं आहे, पण कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. दरवर्षी ठरवून माणसं जमवायची, हाका घालायचा, घाबरलेलं जनावर बंदुकीसमोर आणायचं, आणि मग त्याच्या आठवणी हळुवारपणे सांगायच्या, हे मला पचत नाही. घर गेल्याचं दुःख समजू शकते. परंपरा मोडली याचं वाईट वाटून घ्यावं का, याबद्दल मात्र शंका आहे.

डोंगरमाथा

रानभूल, तुकडे बायकोने विक्रीच्या आधी जाऊन काढून आणले. खिळ्यांसकट. सध्या चपलांच्या खोक्यात आहेत.

शुभ्रकमळ, तुमचा आक्षेप योग्य जागी आहे, मीही पहिल्या वर्षी असाच अस्वस्थ बसलो होतो. माझं मत बदललं ते रान बघून. तिथले लांडगे आणि पहाडी सिंह एकोणिसाव्या शतकातच संपवले माणसाने. हरणाला खाणारं फारसं कोणी उरलं नाही. हरणं कोवळी रोपं खातात. जास्त झाली की जंगलात म्हातारी झाडं आणि खाली नेचे एवढंच राहतं, मधली पिढी नाही. स्टेट फॉरेस्टमध्ये तोड झालेल्या तुकड्यांभोवती हरणांसाठी उंच कुंपणं घातलेली असतात. कुंपणाच्या आत आणि बाहेर नुसतं पाहिलं तरी कळतं. आणि मारलेलं वाया जात नाही. आम्ही खातो, जास्तीचं अन्नछत्रांना जातं; त्यासाठी १९९१ पासून राज्यात रीतसर योजना आहे. तरीही हाका बघताना पोटात गोळा येतो. तो मीही नाकारत नाही.

शुभ्रकमळ

कुंपणाची गोष्ट माहीत नव्हती. लांडगे माणसाने संपवले आणि मग लांडग्याचं काम माणसाने करायचं, हा हिशेब मला अजून तिरकाच वाटतो. पण तुमच्या धाग्यावर वाद वाढवत नाही.

वैनगंगाकाठी

आमचंही होतं. भंडारा जिल्ह्यात (आता तो भाग गोंदियात), नागझिऱ्याच्या अंगाला. आजोबांच्या घरी मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणारी जमीनदारी) होती. १९५१ ला मालगुजारी गेली तरी रानाकडचं कवेलूचं घर राहिलं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. सायब लोकांसारखं काही नव्हतं, पण वनखात्याकडून शूटिंग ब्लॉकचा (शिकारीसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्याचा) परवाना काढून पाहुणे यायचे, तेव्हा त्याला भाव यायचा. गावातली माणसं हाक्याला. मचाण ऐनाच्या झाडावर. मी या गोष्टी फक्त ऐकल्या आहेत, माझा जन्म नंतरचा.

१९७० ला नागझिरा अभयारण्य झालं आणि १९७२ ला वन्यजीव कायदा. खेळ संपला. आणि बरं झालं संपला, हे मी आजोबांच्या नातवाच्या अधिकाराने म्हणतो. बैठकीत वाघाचं कातडं होतं, त्याचा रीतसर दाखला करून घेतलेला. लहानपणी आम्ही त्यावर लोळलो. त्यावरचा आमचा फोटो आता कोणाला दाखवत नाही.

पण घर? घर कोणी घेतलं नाही, कोणी विकलं नाही, कोणी वाटणी मागितली नाही. सातबारा एकदम साफ. तरी पडलं. बाबा धान ठेवायला वापरायचे, मग तेही बंद. कवेलू माकडांनी सरकवले, पावसाळ्यात पाणी आत, आढं वाळवीने खाल्लं. मी कॉलेजात असताना भिंती उभ्या होत्या, आता मोहाखाली जोतं आहे फक्त.

म्हणून डोंगरमाथा साहेब, तुमचं 'लिहून ठेवलं असतं तर' हे मला पूर्ण पटत नाही. आमचा कागद पक्का होता. जायला कारण उरलं नव्हतं.

मॅडिसनकर

विस्कॉन्सिनमधून. आमच्याकडे बंदुकीचा सीझन नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून. ऑफिसात त्या आठवड्यात मीटिंग लावली तर लोक वेड्यासारखं बघतात. शेजाऱ्यांचा कॅम्प वर नॉर्थवुड्समध्ये, उत्तरेकडच्या रानात आहे, त्यांनी तुमच्या अगदी उलट केलंय. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली, नियमांची चोपडी आहे, वर्गणी आहे, कोणत्या शनिवार-रविवारी कोणाचं कुटुंब जाणार याचा तक्ता भिंतीवर. पाच वर्षांपूर्वी छप्पर बदलण्यावरून भाऊ-बहीण बोलायचे बंद झाले. कॅम्प आहे, पण दोघं एका वेळी तिथे जात नाहीत. त्यामुळे कागदाने घर वाचतं, पत्त्यांचा डाव वाचतोच असं नाही.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे २००२ मध्ये रानातल्या हरणांत सीडब्ल्यूडी सापडला, मेंदू झिजवणारा रोग. तेव्हापासून बरेच जण मांस तपासायला देऊन निकाल येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवतात. शेजारचे आजोबा म्हणतात, पूर्वी शिकारीच्या रात्रीच काळीज कांद्यावर परतायचो, आता पावती घेऊन वाट बघतो. पेनसिल्व्हेनियातही पोचलाय ना तो?

डोंगरमाथा

हो, २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. आधी पाळीव हरणांत, मग रानातल्या. आमचा भाग दक्षिणेच्या मानाने बरा राहिला, पण काळजाचा बेत आमच्याकडेही बंद झाला होता. सासऱ्यांनी काही वर्षं ऐकलं नाही, मग सासूबाईंनी फर्मान काढलं.

वैनगंगाकाठी, तुमचं वाचून विचारात पडलोय. तुमच्याकडे जायचं कारण कायद्याने काढून घेतलं आणि ते योग्यच होतं. आमच्याकडे कारण शाबूत होतं. या वर्षीही निदान सहा जण गेले असते. जायला माणसं तयार आणि दाराला दुसऱ्याचं कुलूप, याला मी कागदाची चूक नाही तर काय म्हणू?

हिशेबनीस

माझं काम अमेरिकेतल्या करांचं, म्हणून थोडं रुक्ष लिहितो. कोणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

एकाच जागेवर अनेकांची नावं असतात तेव्हा ती कशी आहेत हे आधी बघा. 'हयात राहील त्याचं' या प्रकारात एक गेला की त्याचा हिस्सा उरलेल्यांकडे जातो. न पाडलेल्या स्वतंत्र हिश्शांच्या प्रकारात तो त्याच्या वारसांकडे जातो, आणि दर पिढीला मालक वाढत जातात. डोंगरमाथांकडे हा दुसरा प्रकार होता. यात कोणीही एक हिस्सेदार कोर्टात जाऊन वाटणी मागू शकतो. एका खोलीच्या घराची वाटणी कशी करणार? मग कोर्ट विक्रीकडे वळतं. त्यामुळे ॲरिझोनावाल्याने आपसात विक्री मागितली हे तुलनेने सभ्यच झालं. कोर्टात गेला असता तर वकिलांनी त्यातला तुकडा खाल्ला असता.

पेनसिल्व्हेनियाला वारसा करही आहे. नवरा-बायकोला शून्य, मुला-नातवंडांना ४.५ टक्के, भावंडांना १२, पुतणे-भाचे आणि इतरांना १५. मृत्यूपासून नऊ महिन्यांत भरायचा. तीन महिन्यांत भरला तर ५ टक्के सूट. निपुत्रिक काकांचा हिस्सा पुतण्यांकडे गेला तिथे १५ टक्के लागले असणार, आणि जमिनीचा कर जमिनीत भरता येत नाही. रोख लागते. 'विकून टाकू' हे वाक्य बहुधा तिथेच पहिल्यांदा उच्चारलं जातं.

मॅडिसनकरांच्या शेजाऱ्यांसारखी कंपनी काढली तर तिच्या करारात मला दोन गोष्टी हव्याच असतात. बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा आधी घरच्यांना विचारायचा, आणि त्याचे पैसे पाच-दहा वर्षांच्या हप्त्यांनी द्यायचे. बाकी तक्ते, वर्गण्या, छप्पर, हे भांडण कुठल्याही कागदाने सुटत नाही.

जाता जाता: तिथे कित्येक कॅम्पखालची जमीनसुद्धा सरकारची आहे. १९१३ पासून स्टेट फॉरेस्टमधल्या जागा भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या, १९७० नंतर नवे पट्टे थांबले. असे सुमारे चार हजार कॅम्प आहेत. तिथे घर तुमचं, जमीन नाही, आणि कायमचं राहायची परवानगी नाही. आहेत तेच पट्टे हातोहात फिरतात.

रानभूल

हिशेबनीस, रुक्ष अजिबात नाही. माझ्या माहेरच्या घराचं आत्ता हेच चाललंय, फक्त हरणं नाहीत.

डोंगरमाथा

हिशेबनीस, १५ टक्के अगदी बरोबर. आणि हो, ते वाक्य तिथेच उच्चारलं गेलं, वकिलाच्या ऑफिसबाहेर गाडी लावायच्या जागेत. तोपर्यंत कोणी तोंडातून काढलं नव्हतं.

भाडेपट्ट्याचं बायकोच्याही डोक्यात आहे. तिच्या चुलतबहिणीला पॉटर काउंटीत एक कॅम्प दिसलाय, पट्टा चालू आहे, जुना मालक म्हातारा झाला म्हणून सोडतोय. चौघांनी मिळून घ्यायचा विचार आहे. हप्त्यांचं कलम तुमच्याकडून उचलतो. काल रात्री पहिल्यांदाच आमच्या जेवणाच्या टेबलावर कॅम्प आणि पैसे हे दोन शब्द एकत्र आले. मेहुणा उठून बाहेर गेला. मग परत आला आणि वर्गणी किती ते विचारलं.

गप्पिष्ट

स्वयंपाकाचं कलम पण घाला. नाहीतर जन्मभर तुमच्यावरच राहील.

वैनगंगाकाठी

घ्या घ्या. मी हरलो असं समजू नका, तुमच्याकडे जाणारे चौघं आहेत म्हणून हे जमतंय. माझा मुद्दा तोच होता. नव्या जागी भिंतीला तुकडे लावणार का?

डोंगरमाथा

बायको म्हणते जुने नाहीत लावायचे, ते त्या भिंतीचे. मेहुणा म्हणतो लावायचेच. ठरलेलं नाही.

मला एका वेगळ्या बाबतीत मदत हवी आहे. वह्या कोणाकडे राहाव्यात यावर एकमत होत नाही, म्हणून मी सगळ्या स्कॅन करून प्रत्येकाला प्रत द्यायचं कबूल केलंय. पहिल्या दोन वह्या पेन्सिलीने लिहिलेल्या, कागद पातळ. ३०० डीपीआयला (स्कॅनची बारकाई) अक्षर पुसट येतं आणि मागच्या पानावरचं पुढे उमटतं. कोणी असं काम केलंय का?

रानभूल

आजीच्या ओव्यांच्या वहीचं केलंय. ६०० ला करा, आणि रंगीत किंवा करड्या छटांत. नुसतं काळं-पांढरं ठेवलं तर पेन्सिल उडून जाते. प्रत्येक पानामागे काळा कागद सरकवा, म्हणजे मागचं उमटत नाही. वहीची शिवण सैल असेल तर काचेवर दाबू नका, वरून कॅमेऱ्याने फोटो काढा, दिवा बाजूने ठेवून.

डोंगरमाथा

शिवण सैलच आहे. कॅमेऱ्याने करतो. काळा कागद उद्या आणतो.